जपानी लोकांचें अन्न व भोजनरीति

परक्या लोकांचें अन्न हा मुलांच्या थट्टेचा एक आवडता विषय असतो. भूगोलाच्या तासास जपानचें नांव निघालें, कीं "ते लोक कच्चे मासे खातात !" असें कोणीतरी म्हणतोच, आणि मग सारा वर्ग नाक मुरडून हंसतो. बालवयांत असें हंसूं येणें साहजिक आहे. परंतु कोणतेंहि राष्ट्र जें खातें तें उगीच खात नाहीं. त्याच्या ताटामागें त्या देशाची जमीन, हवा, समुद्र, धर्म आणि शेंकडों वर्षांचे बरेवाईट अनुभव असतात. जपानी लोक काय खातात, कसें खातात, आणि त्या खाण्यापायीं त्यांनीं कोणतें सुख व कोणतें दुःख भोगिलें, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील मंडळीस थोडक्यांत सांगावें, असा या लेखाचा हेतु आहे.

जपान हा बेटांचा देश आहे. होक्काइदो, होन्शू, शिकोकू व क्यूशू हीं त्यांतील चार मोठीं बेटें. देशाचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग डोंगराळ. सपाट जमीन थोडी. परंतु पाऊसपाणी चांगलें असल्यामुळें तीत भातशेती उत्तम होते. गुरें चारावयास मोठीं कुरणें नाहींत, म्हणून दूध, लोणी, तूप यांची चाल जुन्या काळीं तेथें विशेष पडली नाहीं. समुद्र मात्र चहूंकडे हाताशीं. ईशान्य किनाऱ्यापाशीं दक्षिणेकडून येणारा उष्ण प्रवाह व उत्तरेकडून येणारा शीत प्रवाह एकमेकांस मिळतात, आणि अशा ठिकाणीं मासळी विपुल सांपडते. यांत धर्माची भर पडली. सहाव्या शतकांत बौद्ध धर्म जपानांत आला, व इ. स. ६७५ सालीं तेम्मु नांवाच्या सम्राटानें गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी यांचें मांस वर्षांतील कांहीं महिने खाऊं नये, अशी आज्ञा काढिली. पुढें अशा आज्ञा पुनःपुन्हा निघाल्या. डोंगरांतील शिकारी हरिण व डुक्कर खात राहिले, तरी सर्वसाधारण माणसाचें जेवण सुमारें बाराशें वर्षें भात, मासळी, सोयाबीन, भाजीपाला आणि समुद्रांतील शेवाळ या पांच जिनसांवर चालत आलें.

शिजलेल्या भाताला जपानी भाषेंत 'गोहान' म्हणतात, आणि जेवणालाहि 'गोहान'च म्हणतात. सकाळचें तें 'आसागोहान', दुपारचें 'हिरुगोहान', रात्रीचें 'बानगोहान'. भात नाहीं तर जेवणच नाहीं, हें या एका शब्दांत आलें. तेथील तांदूळ आंखूड व गोलसर असून शिजल्यावर किंचित् चिकट होतो. त्यामुळें दोन काड्यांच्या चिमटींत त्याचा घांस सहज उचलतां येतो. आमच्या आंबेमोहराचा मऊ भात ज्यांनीं खाल्ला आहे, त्यांस याची थोडी कल्पना येईल. भात शिजवितांना त्यांत मीठ घालीत नाहींत, आणि वर तूपहि घेत नाहींत. जेवणाच्या जुन्या मांडणीस 'इचिजू-सान्साइ' म्हणजे 'एक सार आणि तीन पदार्थ' असें नांव आहे. डाव्या हातास भाताची वाटी, उजव्या हातास साराची वाटी, पलीकडे मासळी, भाजी इत्यादि तीन पदार्थ, शिवाय थोडें लोणचें, आणि जेवणाऱ्याच्या पुढ्यांत आडव्या ठेविलेल्या काड्या. प्रत्येक जिन्नसास निराळें लहान भांडें असतें, व ऋतूप्रमाणें भांड्यांचे रंग आणि आकारहि बदलतात. वाढलेलें अन्न पाहून डोळ्यांसहि समाधान व्हावें, याकडे तेथील गृहिणी फार लक्ष देते.

आतां सोयाबीनकडे वळूं. हें एक लहानसें कडधान्य. परंतु त्या लोकांचें दूध, डाळ व मसाला सर्व कांहीं तेंच आहे. सोयाबीन शिजवून ठेंचतात, त्यांत मीठ घालतात, आणि तांदळावर अथवा जवावर मुद्दाम वाढविलेली 'कोजी' नांवाची बुरशी मिसळून तो गोळा पिंपांत कित्येक महिने मुरूं देतात. याचा 'मिसो' होतो, आणि रोजचें सार त्याचेंच करतात. दह्याला जसें विरजण तशी मिसोला कोजी. सोयाबीन व गहूं यांवर हीच बुरशी वाढवून, खाऱ्या पाण्यांत मुरवून, पिळून जो काळसर रस काढतात तो 'शोयु'. भिजविलेलें सोयाबीन वाटून, उकळून, गाळून त्याचें दूध काढतात, आणि समुद्राच्या पाण्यांतून मीठ काढिल्यावर मागें राहणाऱ्या कडवट क्षारानें तें नासवून त्याच्या पांढऱ्या मऊ वड्या पाडतात. त्यांस 'तोफू' म्हणतात. 'नात्तो' नांवाचा आणखी एक प्रकार आहे. आंबविलेल्या या सोयाबीनला चिकट तारा सुटतात व वास उग्र येतो. त्याच्यापुढें पश्चिम भागांतील कित्येक जपानी लोकसुद्धां नाक मुरडतात, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें !

जपानी स्वयंपाकाचा जीव 'दाशि' या पातळ काढ्यांत आहे. थंड समुद्रांत, विशेषतः होक्काइदोच्या किनाऱ्यावर, 'कोम्बू' नांवाचें रुंद पातींचें शेवाळ वाढतें. तें वाळवून ठेवतात. दुसरा जिन्नस 'कात्सुओबुशि'. आमच्या बांगड्याच्या कुळांतील एका मोठ्या माशाचे तुकडे उकडून, धुरी देऊन व वाळवून लांकडासारखे टणक करतात आणि रंध्यासारख्या हत्यारानें त्यांचा पातळ कीस काढतात. हे दोन्ही जिन्नस गरम पाण्यांत थोडा वेळ ठेवून गाळले, कीं दाशि तयार. १९०८ सालीं तोक्यो विश्वविद्यालयांतील रसायनशास्त्राचे प्राध्यापक इकेदा किकुनाए यांनीं कोम्बूच्या काढ्यांतून ग्लुटामिक आम्ल निराळें करून दाखविलें, आणि या रुचीस 'उमामि' असें नांव दिलें. गोड, आंबट, खारट व कडू यांहून ही रुचि वेगळी आहे, हें त्यांचें म्हणणें पुष्कळांस पटेना. परंतु एकविसाव्या शतकाच्या आरंभीं जिभेवर या रुचीचीं स्वतंत्र ग्राहकें असल्याचें शास्त्रज्ञांस आढळून आलें.

मासळीविषयीं एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'सुशि' म्हणजे कच्चा मासा असें आमच्याकडे समजतात. परंतु सुशीचें मुख्य अंग आंबट भात हें आहे. मुळांत सुशि हा मासळी टिकविण्याचा उपाय होता. खारविलेला मासा शिजलेल्या भातांत दडपून महिनोन्महिने ठेवीत. भात आंबे, त्या आंबटपणानें मासा टिके, आणि खातांना भात टाकून देत. बिवा सरोवराच्या कांठीं शिगा प्रांतांत 'फुनाझुशि' नांवानें हा जुना प्रकार अजूनहि करतात. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं एदो शहरांत, म्हणजे हल्लींच्या तोक्योंत, सिरका घातलेल्या भाताच्या मुटक्यावर ताज्या मासळीचा तुकडा ठेवून तो रस्त्यावर विकण्याची चाल पडली. घाईंत असलेल्या कामकरी लोकांचें तें खाणें होतें. भाताशिवाय नुसत्या कच्च्या मासळीच्या पातळ कापांस 'साशिमि' म्हणतात. त्यासाठीं मासा अगदीं ताजा लागतो व सुरी चालविणारा हात फार कसलेला लागतो.

मांस-मासळी मुळींच न वापरतां केलेला 'शोजिन' स्वयंपाक बौद्ध मठांत वाढला. दोगेन नांवाच्या थोर भिक्षूनें १२३७ सालीं मठांतील स्वयंपाक्यासाठीं 'तेन्झो क्योकुन' हा उपदेशपर ग्रंथ लिहिला. तांदूळ निवडणें, भाजी धुणें, भांडीं जागच्या जागीं ठेवणें हीं कामें मन लावून करणें ही देखील साधनाच आहे, असा त्याचा भावार्थ आहे. चुलीपाशीं राबणाऱ्या माणसाचा असा मान ज्या धर्मांत राखिला गेला, त्याविषयीं आम्हां ख्रिस्ती लोकांसहि आदर वाटावा.

आतां आमच्या भागाशीं संबंध असलेली एक गोष्ट सांगतों. पोर्तुगीज लोक १५४३ सालीं प्रथम जपानांत पोंचले. आणि १५४९ सालच्या एप्रिल महिन्यांत संत फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून त्याच वर्षीं १५ ऑगस्ट रोजीं कागोशिमा येथें उतरले. या लोकांबरोबर धर्म गेला, व्यापार गेला, तसे खाण्याचे कांहीं प्रकारहि गेले. जपानी लोक पावाला 'पान' म्हणतात. आमचा 'पाव' आणि त्यांचा 'पान' हे दोन्ही शब्द एकाच पोर्तुगीज शब्दापासून निघालेले सख्खे भाऊ आहेत. अंडीं, साखर व मैदा यांचा 'कासुतेरा' हा केक नागासाकी शहरांत अजून नांवाजलेला आहे. 'कोन्पेइतो' म्हणून साखरेचे रंगीत कांटेरी दाणे मिळतात. ते पाहून आमच्या मुलींस संक्रांतीच्या हलव्याचीच आठवण होईल. पिठांत बुडवून तळलेली मासळी व भाजी म्हणजे 'तेम्पुरा'. हा शब्दहि पोर्तुगीज भाषेंतूनच आला, असें पुष्कळ विद्वान् मानतात. पुढें १६१४ सालीं सर्व देशांत ख्रिस्ती धर्मास बंदी झाली. उपदेशकांस हांकून दिलें, विश्वासणाऱ्यांचा भयंकर छळ झाला, आणि कित्येक कुटुंबांनीं दोनशें वर्षांहून अधिक काळ गुप्तपणें भक्ति चालविली. बंदीच्या पाट्या १८७३ मध्यें खालीं उतरल्या. एवढ्या काळांत पुस्तकें जळालीं, क्रूस मोडले; परंतु पावाचें नांव लोकांच्या तोंडून कोणास काढून घेतां आलें नाहीं.

भोजनाच्या रीतीभातींत त्या लोकांचा स्वभाव दिसून येतो. पादत्राणें बाहेर काढून, 'तातामि' नांवाच्या जाड चटयांवर गुडघे मोडून बसून, ठेंगण्या चौरंगावर जेवावें, ही जुनी चाल. आतां पुष्कळ घरांत मेज-खुर्च्या आल्या आहेत. जेवणापूर्वीं हात जोडून 'इतादाकिमास' म्हणतात. याचा अर्थ 'मी नम्रपणें स्वीकारतों'. आणि मूळ क्रियापदाचा अर्थ मिळालेली वस्तु मस्तकीं लावून घेणें, असा आहे. जेवण झाल्यावर 'गोचिसोसामा' म्हणतात. त्यांतील 'चिसो' शब्दाचा मूळ अर्थ धांवपळ. म्हणजे, आमच्या या जेवणासाठीं ज्यांनीं ज्यांनीं धांवपळ केली त्यांचे आभार. भाताची वाटी हातांत उचलून तोंडापाशीं नेणें हा तेथें शिष्टाचार आहे. 'सोबा' किंवा 'उदोन' नांवाच्या लांब शेवया खातांना फुरका मारला तरी कोणी रागें भरत नाहीं. पंक्तींत आपला पेला आपण भरावयाचा नसतो. शेजाऱ्याचा आपण भरावा, आपला तो भरील. काड्यांचे नियम मात्र कडक आहेत. भातांत काड्या उभ्या खोंचूं नयेत, कारण मृताला दाखविलेल्या भातांत त्या तशा खोंचतात. एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घांस देऊं नये, कारण दहनानंतर अस्थि वेंचतांना नातेवाईक त्या तशाच एकमेकांस देतात. वाटींत भाताचा दाणाहि टाकूं नये. टाकल्यास वडील माणसें 'मोत्ताइनाइ' म्हणजे 'केवढी ही नासाडी!' म्हणून हळहळतात.

नववर्षाचा सण जेवणाच्या दृष्टीनें सर्वांत मोठा. ३१ डिसेंबरच्या रात्रीं दीर्घायुष्याची खूण म्हणून लांब सोबा खातात. पहिल्या तारखेपासून एकावर एक रचलेल्या लाखेच्या डब्यांतून 'ओसेचि' नांवाचे पदार्थ वाढतात, व त्यांतील प्रत्येकाला कांहीं अर्थ असतो. काळे सोयाबीन म्हणजे उद्योग व आरोग्य. माशाची अंडीं म्हणजे संतति. पाठीस बांक असलेली कोळंबी म्हणजे कंबर वांकेपर्यंत लाभलेलें आयुष्य. चिकट तांदूळ शिजवून, उखळांत कांडून केलेली 'मोचि' सारांत घालून खातात. सात जानेवारीस सात कोंवळ्या पालेभाज्या घातलेली साधी पेज घेऊन पोटास विसांवा देतात. २०१३ सालीं युनेस्कोनें जपानी लोकांची ही भोजनपरंपरा मानवजातीच्या वारशाच्या यादींत दाखल केली, तेव्हां या नववर्षाच्या सणाचा तींत मुद्दाम उल्लेख केला.

येथवर गोड गोड सांगितलें. आतां या ताटाची दुःखाची बाजू सांगितली पाहिजे, कारण आमच्या मतें या लेखांतील मुख्य बोध तिच्यांत आहे. जुन्या काळीं खेड्यांतील गरीब लोक कोंडा राहिलेला तांदूळ, जव व भरड धान्यें खात. एदो शहरांतील सुखवस्तु लोक मात्र सडून सडून पांढरा शुभ्र केलेल्या तांदळाचा भात खाऊं लागले. प्रांतांतून चाकरीसाठीं एदोस आलेल्या सामुराइ लोकांचे पाय जड होत, सुजत, बधिर पडत. धाप लागे, आणि कांहीं जण दगावत. गांवीं परत गेले कीं त्यांतील पुष्कळ बरे होत ! लोक त्यास 'एदोचें दुखणें' म्हणत. तोच बेरीबेरी रोग.

पुढें नव्या आरमारांत हा रोग फार माजला. 'र्यूजो' ही शिकाऊ नौका १८८२-८३ सालीं लांबच्या सफरीवर गेली असतां तीवरील ३७६ माणसांपैकीं १६९ जणांस बेरीबेरी झाला व २५ जण मेले. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत शिकून आलेले आरमाराचे डॉक्टर ताकाकि कानेहिरो यांस संशय आला, कीं दोष हवेचा नसून अन्नाचा आहे. त्यांच्या खटपटीनें १८८४ सालीं 'त्सुकुबा' ही दुसरी नौका त्याच मार्गानें पाठविण्यांत आली. मात्र खलाशांस नुसत्या भाताऐवजीं मांस, दूध, पाव व भाज्या देण्यांत आल्या. या सफरींत बेरीबेरीनें एकहि मनुष्य मेला नाहीं. लौकरच आरमारांत तांदळांत जव मिसळूं लागले, व रोग जवळजवळ नाहींसा झाला. लष्करांतील वरिष्ठ डॉक्टरांनीं मात्र हें मानलें नाहीं. रोग जंतूंचा असावा, असा त्यांचा तर्क. शिवाय शिपायाला पांढरा भात देणें हा मोठेपणा वाटे. १९०४-०५ च्या रशियाबरोबरच्या युद्धांत सुमारें २७ हजार जपानी शिपाई शत्रूच्या गोळीनें नव्हे, तर बेरीबेरीनें मेले. शेवटीं १९१० सालीं सुझुकि उमेतारो या शास्त्रज्ञानें तांदळाच्या कोंड्यांतून रोग बरा करणारें द्रव्य काढून दाखविलें. त्यालाच आज आपण ब-१ जीवनसत्त्व म्हणतों.

गरिबाचा म्हणून जो कोंडा टाकून दिला, त्यांतच जीव वांचविणारें औषध होतें. आणखी नवल असें, कीं जपानी खेडुतांच्या घरीं खारवलेल्या कोंड्यांत मुळा, काकडी, वांगें पुरून केलेलें 'नुकाझुके' लोणचें पूर्वींपासून होतेंच. आणि त्या भाज्यांत कोंड्यांतील हें सत्त्व उतरतें. आजीबाईच्या बरणींत जें होतें, तें मोठमोठ्या पदवीधरांस कित्येक वर्षें दिसलें नाहीं. आमच्या घरांतहि हातसडीचा तांदूळ व कोंड्यासकट दळलेली भाकरी यांस गांवढळ समजण्याची प्रवृत्ति दिसते. पालकांनीं या हकीकतीचा अवश्य विचार करावा.

परक्यांशीं संबंध वाढल्यावर जपानी जेवणहि बदललें. १८७२ सालीं सम्राट मेइजि यांनीं गोमांस खाल्ल्याचें जाहीर झालें व जुनी बंदी गळून पडली. इंग्रजांच्या मार्फत हिंदुस्थानी मसाल्याची 'करी' पीठ लावून दाट झालेल्या रूपांत तेथें गेली, आणि आरमारांतहि शिरली. आपल्या पद्धतीची करी नेण्याचें श्रेय मात्र एका देशभक्तास आहे. १९१५ सालीं रासबिहारी बोस इंग्रज सरकारच्या हातीं लागूं नयेत म्हणून तोक्योंतील 'नाकामुराया' या पावाच्या दुकानाचे मालक सोमा आइझो व त्यांची पत्नी कोक्को या ख्रिस्ती दांपत्यानें त्यांस घरांत लपविलें. १९१८ मध्यें त्यांची कन्या तोशिको हिच्याशीं बोसांचा विवाह झाला. आणि १९२७ पासून त्या दुकानांत हिंदुस्थानी पद्धतीची करी मिळूं लागली. संकटांत दिलेल्या आसऱ्याचें हें फळ !

आमच्या विद्यार्थ्यांस सर्वांत जवळची गोष्ट शाळेंतील जेवणाची. १८८९ सालीं यामागाता प्रांतांतील त्सुरुओका येथें बौद्ध भिक्षूंनीं चालविलेल्या एका शाळेंत गरीब मुलांस दुपारीं भाताचे मुटके, भाजलेला मासा व लोणचें देण्यास आरंभ झाला. महायुद्धानंतरच्या उपासमारींत अमेरिकेंतील चर्चांनीं व इतर परोपकारी मंडळींनीं पाठविलेल्या अन्नाचा या कामीं उपयोग झाला, आणि १९५४ सालीं शालेय भोजनाचा कायदा झाला. प्राथमिक शाळांत मुलें पाळीपाळीनें पांढरी टोपी व अंगरखा घालून आपल्या सोबत्यांस वाढतात. शिक्षक त्यांच्याबरोबर वर्गांतच तेंच जेवण घेतात. आणि जेवणानंतर मुलेंच आवराआवर करतात. वाढणारा आज मी, उद्यां तूं. येथें धन्याचा मुलगा व चाकराचा मुलगा असा भेद उरत नाहीं. २००५ सालीं अन्नाच्या शिक्षणासाठीं त्या देशानें निराळा कायदाहि केला.

याचा अर्थ त्यांचें सर्व उत्तम, असें नव्हे. मिसो, शोयु व लोणचीं यांत मीठ फार. विसाव्या शतकाच्या मध्यास अकितासारख्या ईशान्येकडील प्रांतांत मेंदूंतील रक्तस्रावानें फार लोक मरत. तेव्हां मीठ कमी करण्याचा उपदेश गांवोगांव करावा लागला व त्याचा गुणहि आला. दुसरें असें, कीं १९६२ सालीं दरडोई वर्षाला सुमारें ११८ किलो तांदूळ लागे, तो आतां पन्नास किलोंच्या आसपास आला आहे. पाव, मांस व तयार पदार्थ वाढले, आणि 'मोत्ताइनाइ' म्हणणाऱ्या त्या देशांतहि पुष्कळ अन्न वायां जातें. चांगली चाल एका पिढीनें दुसरीस मुद्दाम शिकविली नाहीं, तर ती आपोआप टिकत नाहीं.

शेवटीं एकच गोष्ट. प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंत आम्ही मराठी लोक रोजची 'भाकर' मागतों. जपानी ख्रिस्ती लोक तेथें 'काते' हा शब्द वापरतात, आणि त्याचा जुना अर्थ 'वाटेची शिदोरी' असा आहे. भाकर असो, भात असो, मागणारा एकाच पित्याजवळ मागतो, आणि 'माझी' न म्हणतां 'आमची' म्हणून मागतो. ज्वारी पिकविणारा, मासा धरणारा, चुलीपाशीं डोळे चोळीत बसलेली आई, ह्या साऱ्यांचे हात त्या एका घांसास लागलेले असतात. आमच्या मुलांनीं जेवणापूर्वीं क्षणभर थांबून त्या सर्वांची आठवण करावी, पानांत लागेल तेवढेंच घ्यावें, आणि शेजारच्या मुलाच्या डब्यांत काय आहे हें पाहून हंसण्याऐवजीं, त्यांत कांहीं आहे ना, हें प्रेमानें पाहावें.